मोठी चिठ्ठी वर

पतसंस्थेतल्या चाळणीबाईने घराच्या वाटणीपायी आपल्या पाठच्या बहिणीला बुडवलं, असं त्या रस्त्यावर दोन वर्षं बोललं जात होतं. उघडपणे कोणी बोलायचं नाही. न्हाव्याच्या खुर्चीत मान टाकलेल्या माणसाच्या कानाशी, इस्पितळात केसपेपरच्या रांगेत, बसथांब्यावर, असं ते चालायचं. "ऐकलंत का?" इथे सुरुवात आणि "जाऊ दे, आपल्याला काय करायचंय" इथे शेवट. ज्याला काही करायचं नसायचं, तोच पुढच्या कोपऱ्यावर तिसऱ्याला गाठायचा आणि जाता जाता पदरचं तिखटमीठ लावायचा. कोणी म्हणे, बाईचा बहिणीच्या खात्यावर डोळा होता. कोणी म्हणे, डोळा कसला, हातच होता. एका गृहस्थाने तर तिला भल्या सकाळी संस्थेच्या मागच्या दाराने भरलेली पिशवी घेऊन निघताना प्रत्यक्ष पाहिलं होतं. हे गृहस्थ नऊच्या आत अंथरुणातून उठल्याचं त्यांच्या बायकोलाही आठवत नव्हतं, पण ते असो.

आता ही चाळणीबाई म्हणजे काही मोठी असामी नव्हे. वय छप्पन्न, उंची बेताची, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि चेहरा असा की समोरच्याला आपण काहीतरी परत करायचं विसरलोय असं वाटावं. पतसंस्थेच्या मागच्या खोलीत ती एकोणीस वर्षं बसत होती. संस्थाही लहानच. बसचे ड्रायव्हर, इस्पितळातल्या आया, धुलाई कारखान्यातल्या बायका, दुकानांतले नोकर, अशांनी मिळून काढलेली. बँकेत आपल्याला कोणी विचारत नाही, ही आपली संस्था, आपणच तिचे मालक, असं दर्शनी भिंतीवर ठळक अक्षरात रंगवलेलं होतं. त्याखाली, मालकांनी पाय पुसून आत यावं, असंही लिहिलेलं होतं.

मागच्या खोलीला एकच खिडकी, तीही शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडणारी. दुपारी चार वाजले की कोपऱ्यातलं यंत्र कण्हायला लागायचं आणि दिवसभराच्या चिठ्ठ्या बाहेर टाकायचं. कुणाच्या घरभाड्याची, कुणाच्या विजेच्या बिलाची, कुणी कार्डावर घेतलेल्या खोकल्याच्या औषधाची. प्रत्येक चिठ्ठीवर उजव्या कोपऱ्यात रक्कम, मध्ये खात्याचा आकडा, डाव्या कोपऱ्यात नाव. खात्यावर पैसे असले तर प्रश्नच नव्हता. नसले तर संस्था दोहोंपैकी एक करायची. चिठ्ठी परत पाठवायची, नाहीतर स्वतःचे पैसे घालून भागवायची आणि त्याला उचल म्हणायची. शुल्क दोन्हीला सारखंच. तीस. पुढच्या खिडकीवर बसणारा रोखपाल तोंडाचा फटकळ. तो म्हणायचा, "आमच्याकडे बुडा नाहीतर तरंगा, तिकीट एकच."

यंत्र एकेका खात्याच्या चिठ्ठ्या एकत्र काढून द्यायचं. त्यातली आधी कुठली वजा करायची आणि मग कुठली, हे लावणं बाईचं काम. नियम तीन शब्दांचा होता: मोठी चिठ्ठी वर. कारणही मोठं देखणं. माणसाची सगळ्यात मोठी रक्कम म्हणजे घरभाडं किंवा हप्ता, तीच सगळ्यात गरजेची, म्हणून तिचा मान पहिला. संस्थेचे मॅनेजर हे कारण वार्षिक सभेत असं काही सांगायचे की मागच्या रांगेतल्या आयांचे डोळे पाणावत. मॅनेजरांना सगळे गुळगुळीत साहेब म्हणत. त्यांच्या आवाजाला कुठे कंगोराच नव्हता. रागावले तरी तेल लावल्यासारखे.

बाईची स्वतःची एक रीत होती, आणि त्या रीतीचा तिला फार अभिमान होता. चिठ्ठ्यांचा गठ्ठा ती डाव्या हातात धरायची आणि अंगठा बरोबर नावावर ठेवायची. दिसायची ती फक्त रक्कम. उजव्या हाताने मोठी वर, लहान खाली, मोठी वर, लहान खाली, चाळणीतून धान्य घोळवावं तसं. त्यावरूनच तिचं नाव पडलं होतं.

"मी नावं वाचत नाही," ती सांगायची. "नाव वाचलं की ओळख निघते, आणि ओळख निघाली की हात वळतो. माझा हात एकोणीस वर्षांत वळला नाही."

खरंच होतं ते. शेजारणीची चिठ्ठी आणि संचालकाची चिठ्ठी तिच्या हातात सारखीच. संस्थेने तिला निःपक्षपाती सेवेबद्दल भिंतीवरचं घड्याळही दिलं होतं. घरी बाईचा नवरा त्या घड्याळाकडे बघून म्हणायचा, "हेही तुझ्यासारखंच. कोणाकडे न बघता चालतं." नवऱ्याला तेवढी मुभा होती.

आणि मग तिची बहीण. तिला सगळे धाकटी म्हणत, चाळिशी उलटली तरी धाकटीच. वडिलांनी मागे ठेवलेल्या दोन खोल्या दोघींच्या नावावर होत्या. एकीत बाई आणि तिचा नवरा, दुसरीत धाकटी एकटी. धाकटीचं खाली कोपऱ्यावर कपडे शिवायचं आणि दुरुस्तीचं दुकान होतं. हात सोन्याचा. फाटलेला कोट असा सांधून द्यायची की मालक उलटा करून शोधत बसायचा. शिवणयंत्र हप्त्यावर घेतलेलं, भारीतलं. हप्ता, दुकानाचं भाडं, सगळं पतसंस्थेतूनच जायचं. बहीण आत असताना दुसरीकडे कशाला जायचं?

तर एका वर्षी धाकटीची घडी विसकटायला लागली. कशी ते तिलाही कळेना. गिऱ्हाईक तेवढंच, काम तेवढंच, आणि महिनाअखेर खातं मात्र खड्ड्यात.

"ताई, अगं पुन्हा सहा शुल्कं लागली. दोऱ्याच्या रिळांचे चाळीस परत गेले, त्याला शुल्क तीस! पावाचे पंधरा परत गेले, त्यालाही तीस! हा कुठला हिशोब?"

"आधी शिल्लक बघावी, मग हात सैल सोडावा," ताईने भांडी घासता घासताच सांगितलं. "तुझ्या हाताला भोक आहे, लहानपणापासून."

"भोक माझ्या हाताला, का तुमच्या संस्थेला?"

"संस्थेला नावं ठेवू नकोस. तिथे नियमाने चालतं."

"हो ना. माझा गळाही नियमानेच आवळताय."

असं ते दर महिन्याला. आठ महिन्यांत शुल्कांनी पुढच्या हप्त्याचे पैसे खाल्ले. हप्ते थकले आणि एका दुपारी दोन माणसं येऊन शिवणयंत्र उचलून घेऊन गेली. जाताना त्यांनी त्यात अडकलेली कुणाची तरी अर्धी बाही काढून धाकटीच्या हातात दिली. उरलेलं देणं फेडायला धाकटीने आपली खोली ताईला विकली, खातं बंद केलं आणि पुलापलीकडे भाड्याने राहायला गेली. धुलाई कारखान्यात रोजावर लागली. ताईने खोलीचे पैसे बाजारभावाने दिले. न्हाव्याच्या मते बाजार कुठला होता ते मात्र विचारायला हवं. मधली भिंत पाडून दोन खोल्यांची एक झाली, आणि भिंत पडल्याचा आवाज ज्यांनी ज्यांनी ऐकला त्यांनी आपापल्या परीने कथा रचली.

दोन वर्षं अशी गेली. मग पत्र आलं.

पतसंस्थांवर देखरेख करणारं जे वरचं ऑफिस होतं तिथून ते आलं. पाच पानं. गुळगुळीत साहेबांनी ते आपल्या खोलीत दार लावून वाचलं, आणि बाहेर आले तेव्हा पहिल्यांदाच त्यांच्या आवाजाला खरखर होती. यापुढे शिल्लक नसल्याचं आणि उचलीचं शुल्क दहाच्या वर घ्यायचं नाही. एका दिवसात एका खात्याला एकदाच. चिठ्ठ्या ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने वजा करायच्या, कोणी हात लावायचा नाही. आणि मागच्या तीन वर्षांत क्रम बदलून जी जादा शुल्कं घेतली, ती तपासून परत करायची. तपासायला पंधरा दिवसांनी अधिकारी येणार.

"म्हणजे आपण चोर?" रोखपालाने विचारलं.

"छे छे, असं काही नाही," साहेब म्हणाले. "फक्त जुन्या चिठ्ठ्या नावानुसार लावून ठेवायच्यात. बाई, तुमच्या हाताला सवय आहे."

नावानुसार. एकोणीस वर्षांत जी गोष्ट तिने केली नव्हती, ती आता दिवसभर करायची होती.

माळ्यावरून खोकी उतरवली. बाईने तीन टेबलं जोडली आणि अंगठा काढला. पहिला दिवस ठीक गेला. नावं नुसती नावं होती. दुसऱ्या दिवशी ढिगांना उंची यायला लागली, आणि तिच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. संस्थेचे सभासद बाराशे, पण ढीग वाढत होते ते साठ-सत्तरांचेच. तीच नावं, पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा. बाकीच्यांच्या नावावर वर्षाकाठी एखादी चिठ्ठी, आणि या साठ-सत्तरांच्या मात्र थप्प्या. इस्पितळातली एक आया. तीन पोरं असलेला एक ड्रायव्हर. नवरा गेल्यावर एकटीने घर ओढणारी एक चपात्या लाटणारी बाई. संस्था दरवर्षी सभासदांना जो लाभांश वाटायची, ज्याला सभेत टाळ्या पडायच्या, तो कुठून येत होता ते त्या टेबलांवर उभं राहिलं होतं. काही थप्प्या इतक्या उंच झाल्या की खिडकीतून वारा आला की डोलायच्या. बाईने खिडकी लावून घेतली.

तिसऱ्या दिवशी रोखपाल चहा घेऊन आत आला आणि दारातच थांबला.

"ही स्मशानासारखी काय रचना केलीत हो बाई?"

एरवी त्याला दोन शब्दांत गप्प करणारी बाई त्या दिवशी चिठ्ठ्याच मोजत राहिली. तिच्या समोर धाकटीची थप्पी होती. बासष्ट चिठ्ठ्या. बासष्ट गुणिले तीस, अठराशे साठ. शिवणयंत्राचे हप्ते थकले होते ते चौदाशे.

आता इथे एक सांगून ठेवायला हवं. बाईच्या मनात एक मंगळवार होता. मन त्याच्या जवळपास गेलं की तिथून मागे फिरायचं, तापलेल्या तव्याजवळून हात मागे यावा तसं. दोन वर्षं ती त्या मंगळवारापाशी थांबली नव्हती. त्या दिवशीही थांबली नाही. बासष्ट चिठ्ठ्यांना दोरा बांधला आणि पुढच्या नावाला लागली.

संध्याकाळी गुळगुळीत साहेब आत आले. थप्प्यांमधून अंग चोरून चालत त्यांनी बाईजवळ खुर्ची ओढली.

"बाई, पत्राचं चौथं पान वाचलंत? ज्यांनी खाती बंद केलीत त्यांना परतावा द्यायची गरज नाही. फक्त संस्थेतल्या कोणाला हा प्रकार ठाऊक होता आणि ठाऊक असून चालू ठेवला, असं निघालं तर मात्र त्यांनाही द्यावा लागेल, वर दंड. आपल्याकडे बंद खाती तेवीस. तर त्या तेवीस थप्प्या बाजूला काढा. आणि अधिकारी तुमचा जबाब घेतील. विचारतील, असं केल्याने शुल्कं वाढतात हे ठाऊक होतं का. तुम्ही म्हणायचं, ठाऊक नव्हतं. ते खरंच आहे, नाही का? तुम्ही तर नावंही वाचत नाही."

"नाही वाचत," बाई म्हणाली.

"झालं तर मग. पुढच्या वर्षी तुमची निवृत्ती. सेवापुस्तक एकोणीस वर्षं कोरं करकरीत आहे. निवृत्तीची रक्कम त्याच्यावरच ठरते." ते उठले. "आणि तेविसांत एक नाव तुमच्या घरातलंय. लोक आधीच बोलतात. आपण कशाला विषय द्यायचा?"

तेवीस थप्प्या बाजूला काढायला अर्धा तास लागला. त्या खोक्यात उभ्या बसेनात, म्हणून आडव्या ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत बाई पुलापलीकडे गेली. का गेली ते तिला विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. धुलाई कारखान्याच्या मागच्या अंगणात वाफ कोंडलेली होती, आणि त्या वाफेत इस्पितळाच्या पांढऱ्या चादरी ओळीने टांगलेल्या. धाकटी एका लांब चादरीचं टोक धरून उभी होती. बहिणीला पाहून तिने भुवया वर केल्या.

"कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही."

"मग तू कशी आलीस? दोन वर्षांत तुझी पावलं इकडे वळली नाहीत. नुसती उभी राहू नकोस, ते टोक धर."

बाईने टोक धरलं. दोघी चादर ताणून घड्या घालायला लागल्या, लहानपणी घरी घालायच्या तशा, एकमेकींकडे चालत येत आणि लांब जात. बाईने पत्राची सगळी हकीगत सांगितली. बासष्ट चिठ्ठ्या, अठराशे साठ.

धाकटी थांबली. "अठराशे साठ? ताई, इथल्या एका बाईचा दीर जुनं शिवणयंत्र विकतोय. अठराशेला. महिनाअखेरीपर्यंत माझ्यासाठी थांबतो म्हणालाय. मी रोज रात्री झोपेत त्या यंत्राला तेल घालते." ती हसली. मग हसू आवरलं. "कधी मिळतील?"

"मिळणार नाहीत. तुझं खातं बंद आहे. संस्थेतलं कोणी, आम्हाला ठाऊक होतं, असं लिहून दिलं तरच बंद खात्यांना मिळतील."

"मग मिळाले!" धाकटीने चादरीला असा झटका दिला की बाईच्या हातातून टोक सुटता सुटता राहिलं. "स्वतःच्या पायावर धोंडा कोण पाडून घेणार? तुमचा तो गुळगुळ्या?"

एक चादर झाली, दुसरी घेतली. मशिनांचा आवाज आत घुमत होता.

"मी एक विचारू?" धाकटी म्हणाली. "एकदाच विचारते, पुन्हा नाही विचारणार. लोक काय बोलतात ते तुझ्या कानावर असेलच. न्हाव्याची बायको माझ्या तोंडावर म्हणाली, तुझ्या बहिणीने जाणूनबुजून केलं. मी तिला भर रस्त्यात झापलं. म्हटलं, माझी ताई खडूस आहे, हट्टी आहे, कानाखाली मारल्यासारखं बोलते, पण समजून-उमजून माझं वाईट करणार नाही. ती नावंच वाचत नाही. बरोबर आहे ना?"

"बरोबर."

"एकदाही नाही?"

"नाही."

दोघींनी शेवटची घडी घातली. कडा जुळल्या नाहीत, बोटभर कापड बाहेर राहिलं. धाकटीने ती उलगडली आणि पुन्हा घातली, एकटीने.

"बरं वाटलं," ती म्हणाली. "पैसे गेले तर गेले. जेवून जा. डबा आहे माझा."

बाई जेवली नाही.

ठरल्या दिवशी अकरा वाजता अधिकारी आली. एक किडकिडीत बाई, खांद्याला पिशवी, पाण्याची बाटली स्वतःची. संस्थेचा चहा तिने नको म्हटला, तेव्हाच रोखपालाच्या तोंडचं पाणी पळालं. मागच्या खोलीत येऊन तिने थप्प्यांकडे पाहिलं, सगळ्यात उंच थप्पीतून एका दिवसाच्या सात चिठ्ठ्या काढल्या आणि चाळणीबाईपुढे ठेवल्या. ड्रायव्हरच्या होत्या.

"खात्यावर पाचशे होते. तुमच्या पद्धतीने लावून दाखवा."

बाईने लावल्या. वर घरभाडं, चारशे सत्तर. उरले तीस. मग वाण्याचे ऐंशी, परत, आणि त्याच्या शुल्कात उरलेले तीसही गेले. वीज साठ, परत. मग चाळीस, पस्तीस, पंचवीस, पंधरा, सगळ्या परत. सहा शुल्कं. एकशे ऐंशी. खातं दीडशेने खाली.

"आता ज्या वेळेला आल्या, त्या क्रमाने."

चिठ्ठ्यांच्या मागे वेळ छापलेली होती. भाडं सगळ्यात शेवटी आलं होतं. सहा लहान चिठ्ठ्या सहज भागल्या. एक भाडं तेवढं परत गेलं. शुल्क एक.

"पण मग भाडं थकलं असतं!" गुळगुळीत साहेब म्हणाले. "छप्पर महत्त्वाचं, का पाव?"

"दोन दिवसांनी त्याचा पगार जमा झालाय," अधिकारी म्हणाली. "भाडं दोन दिवस उशिरा गेलं असतं. तुम्ही छपराच्या नावाखाली त्याचा पाव नेलात." हे ती रागाने बोलली नाही. हवामानाची बातमी सांगावी तसं बोलली, आणि साहेबांच्या कपाळावर घाम आला.

मग तिने पिशवीतून एक कागद काढून बाईसमोर सरकवला. जबाब. वर बाईचं नाव, खाली चार प्रश्न. पहिले तीन सोपे होते. काम काय, किती वर्षं, क्रम कोणी ठरवला. चौथा: या क्रमामुळे सभासदाला जादा शुल्क लागतं, हे आपल्याला ठाऊक होतं काय?

साहेब बाईच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. "दोन शब्द, बाई," ते हळूच म्हणाले. "फक्त दोन शब्द."

बाईने चष्मा चढवला. चौथा प्रश्न पुन्हा वाचला. तिला दिसत होतं, "नाही" लिहिलं की धाकटीचं शिवणयंत्र गेलं, आणि धाकटी मात्र उरली. डबा पुढे करणारी, भर रस्त्यात तिच्यासाठी भांडणारी. "हो" लिहिलं की अठराशे साठ येतील, आणि त्यासोबत तो मंगळवार. तिने पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. रोखपाल नंतर सांगायचा की तिने पाच मिनिटं घेतली. घड्याळात सव्वा मिनिट झालं होतं.

तिने दोनच शब्द लिहिले. ठाऊक होतं.

अधिकारी कागद आपल्याकडे ओढून म्हणाली, "कधीपासून?"

बाईने तारीख सांगितली. नुसता महिना नव्हे. तारीख, वार आणि वेळ.

"एवढं पक्कं कसं लक्षात राहिलं?"

"राहिलं," बाई म्हणाली.

पुढचं भराभर झालं. तेवीस बंद खात्यांना पैसे मिळाले. संस्थेला दंड बसला, त्या वर्षी लाभांश वाटला नाही, आणि सभेत टाळ्या वाजवणाऱ्यांनी तेवढ्याच जोराने खुर्च्या आपटल्या. साहेबांनी आवाज पुन्हा गुळगुळीत केला आणि दुसऱ्या शाखेत गेले. बाईला त्याच महिन्यात घरी बसवलं, निवृत्तीची रक्कम निम्मी करून. अधिकाऱ्याचा निकाल संस्थेच्या दारावर चिकटवला होता. त्यात कर्मचाऱ्याला हे ठाऊक होतं, असं पांढऱ्यावर काळं लिहिलेलं. न्हाव्याने तो गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर सोडून जाऊन वाचला. "बघा," तो परत येऊन म्हणाला, "आपण काय म्हणत होतो?"

धाकटीने यंत्र घेतलं. पुलापलीकडे एका जिन्याखाली दुकान मांडलं. बाईचा नवरा एकदा पँट आखूड करायचं निमित्त काढून तिकडे गेला. तिने पँट आखूड करून दिली, पैसे घेतले, सुट्टे परत दिले, आणि ताई कशी आहे असं विचारलं नाही. त्यानंतर आठ दिवसांनी बाईच्या दाराच्या फटीतून एक पाकीट आत पडलं. त्यात घराची किल्ली होती, जी धाकटीकडे अजून राहिली होती. चिठ्ठी नव्हती. बाईने पाकीट उलटं करून झटकलं, आत बोट घालून पाहिलं. नव्हतीच.

कुजबुज चालूच राहिली, ती अजूनही कुठे कुठे ऐकू येते. खरं आहे ते एवढंच: घराच्या वाटणीचा त्यात काही संबंध नव्हता. बाईने बहिणीचं नाव एकदा वाचलं, एका मंगळवारी, सव्वाचारला. लहान चिठ्ठ्या आधी घेतल्या तर पाच शुल्कं वाचतील, हे तिला दिसलं. तिने मोठी चिठ्ठी वर ठेवली.